कणकणीतले दोन ण

मानवजातीचं भवितव्य बदलून टाकणारे शोध इतिहासात दोनच लागले : एक अग्नी, दुसरी कणकण. पहिला शोध लागला तेव्हा साक्षीदार कोण होते याची नोंद नाही. दुसऱ्याचे साक्षीदार होते एकतीस मराठी माणसं. ती त्या वेळी छातीचा एक्स-रे काढण्यासाठी उघड्या अंगाने रांगेत उभी होती, आणि आपल्याला इथे कशासाठी उभं केलंय हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट सन २०३९ची, बंदर नहीमची. आखाताच्या नकाशात मोठमोठ्या बंदरांची नावं छापून झाल्यावर जागा उरली तर हे नाव छापतात. बंदरात अकरा हजार माणसं कामाला, बोलायच्या भाषा बावीस. त्यांत मराठी माणसं चारशे बारा. त्यांतली बरीचशी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, म्हणजे समुद्र सोडून समुद्रावरच आलेली.

बंदराला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट मात्र होती, आणि ती म्हणजे तिथलं सार्वजनिक आरोग्य केंद्र. जहाजावरून तासाभरासाठी उतरलेला खलाशी असो की बंदराचा मुख्य व्यवस्थापक, तपासणीची रांग एकच. केंद्राच्या संचालक डॉ. हेस्सा यांनी हा नियम केला आणि पहिल्याच आठवड्यात स्वतः मुख्य व्यवस्थापकाला एका नेपाळी आचाऱ्याच्या मागे उभं केलं. तेव्हापासून नियमावर चर्चा झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी बंदरात जहाजी तापाची साथ आली होती. त्यात सात माणसं गेली. तापाची खोड अशी होती, की ताप चढायच्या आदल्या दिवशीच माणूस तो इतरांना वाटत फिरायचा. थर्मामीटर लावावा तर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दुसऱ्या दिवशी एकशे दोन, आणि तोवर शेजारची दहा माणसं आजारी.

म्हणून केंद्राने बंदराच्या प्रत्येक फाटकावर एक यंत्र बसवलं. त्याचं नाव 'सामिअ'. अरबीत याचा अर्थ ऐकणारा. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला सामिअ त्याच्या भाषेत विचारायचं, "आज कसं वाटतंय?" आणि उत्तर ऐकून हिरवा किंवा लाल दिवा लावायचं. मराठी मंडळींनी पहिल्याच दिवशी सामिअचं 'स्वामी' केलं. काहीजण हिरवा दिवा लागल्यावर हात जोडायचे. यंत्राने या हावभावाची नोंद 'छातीवर खाज' अशी करून ठेवली होती.

आणि जानेवारीच्या एका आठवड्यात एकतीस मराठी माणसांनी स्वामींना सांगितलं, "जरा कणकण वाटतेय."

स्वामींच्या शब्दकोशात कणकण नव्हती. कण होता. कण म्हणजे धुळीचा वगैरे बारीक अंश. माणूस तो दोनदा म्हणतोय, म्हणजे पुष्कळ आहेत. स्वामींनी नोंद केली : 'अंगात कण, पुष्कळ प्रमाणात.' तासाभरात सिमेंट उतरवायचा धक्का बंद झाला, चौकशी समिती बसली, आणि एकतीस जणांना एक्स-रेच्या रांगेत उभं केलं गेलं. त्यांतले नऊ जण कॅन्टीनमध्ये चपात्या लाटणारे होते.

ही यादी आरोग्य केंद्रात आली ती सिस्टर प्रफुल्ला चोगले यांच्या टेबलावर. प्रफुल्ला अलिबागच्या एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी. बंदरात नर्स म्हणून चौदा वर्षं. तिने यादी वाचली, डोक्याला हात लावला आणि डॉ. हेस्सांच्या खोलीत गेली.

"हे कण कुठून आले, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"कण नाहीत, डॉक्टर. कणकण."

"म्हणजे खूप कण."

"म्हणजे एकसुद्धा कण नाही."

डॉ. हेस्सांनी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की त्यांना नीट ऐकू येतं अशी केंद्रात समजूत होती.

"ताप आहे?"

"नाही. ताप यायच्या आधीचं आहे."

"थकवा?"

"थकवा काम केल्यावर येतो. ही काम न करता येते."

"मग अंग दुखतं?"

"दुखत नाही. आता दुखणार आहे, असं अंग आगाऊ कळवतं." प्रफुल्लाने जरा विचार केला. "पंखा नको वाटतो. कोणी मोठ्याने बोललेलं नको वाटतं. पांघरूण घ्यावंसं वाटतं, पण थंडी नसते. तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"

"काही नाही. माणूस म्हणतो, मी ठीक आहे." डॉ. हेस्सा म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे येतो."

दोघींच्याही ते एकदमच लक्षात आलं. मग प्रफुल्लाने यादीतल्या एकतीस जणांचं पुढे काय झालं ते शोधलं. सत्तावीस जणांना वीस तासांच्या आत ताप आला होता. उरलेल्या चौघांपैकी तिघांना सुट्टी हवी होती, आणि एकाला सिमेंटच्या धुळीचा खरोखरच त्रास निघाला.

यामागचं विज्ञान सोपं आहे. विषाणू शरीरात शिरला की पेशी एकमेकींना खबर देतात. ही खबर म्हणजे काही रसायनं. ती रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू शरीराचं तापमान वाढवायचा हुकूम काढतो. हुकूम निघणं आणि ताप चढणं यांत बरेच तास जातात. त्या मधल्या वेळात स्नायू आळसावतात, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, नाकाच्या आतलं अस्तर केसाएवढं सुजतं. थर्मामीटरला यातलं काही कळत नाही, कारण त्याचं लक्ष फक्त ताप आला की नाही याकडे. मराठी माणसाला मात्र ते कळतं, आणि तो ते शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय राहत नाही.

खरा चमत्कार पुढेच होता. केंद्राच्या ध्वनितज्ज्ञांनी त्या एकतीस जणांचे आवाज तपासले तेव्हा आजाराची खूण शब्दाच्या अर्थात नव्हे, उच्चारात सापडली. ण म्हणताना जिभेचं टोक वर वळून मागे टाळूला टेकतं आणि त्याच क्षणी हवा नाकातून सोडावी लागते. म्हणजे जीभही चपळ हवी आणि नाकही मोकळं हवं. संसर्गाच्या पहिल्या तासांत नेमकं हेच दोन्ही बिघडतं. बिघाड इतका बारीक असतो, की माणसाच्या कानाला कळत नाही. यंत्राच्या कानाला कळतो. आणि कणकणमध्ये असे दोन ण, मध्ये जिभेला पार मागे फेकणारा क. सगळ्या बावीस भाषांमधले शब्द तपासून झाले. याहून चांगली चाचणी सापडली नाही. ज्या कुणी पूर्वजाने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, त्याने पांघरुणात पडल्या पडल्या जगातलं सगळ्यात स्वस्त उपकरण घडवलं होतं.

मार्चपासून नियम झाला. बंदरात शिरणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कुठल्याही देशाचा असो, स्वामींपुढे उभं राहून मराठीत म्हणायचं : "मला कणकण नाही." स्वामी आता शब्दांचा अर्थ बघत नसत, फक्त उच्चार ऐकत.

मराठी मंडळींच्या छात्या त्या दिवसांत इतक्या फुगल्या की एक्स-रेच्या फिल्ममध्ये मावल्या नसत्या. इजिप्तचे क्रेनचालक, फिलिपाइन्सच्या विजेच्या कामगारणी, घानाचे गोदामवाले, सगळे पहाटे ओळीने मराठी बोलत होते. एका इजिप्शियन क्रेनचालकाची समजूत झाली, की हा मराठी नमस्कार आहे. तो वाटेत भेटेल त्या मराठी माणसाला हात उंचावून "मला कणकण नाही!" म्हणायचा, आणि मराठी माणूस तितकाच हात उंचावून "मलाही नाही" म्हणायचा.

बिगरमराठी कामगारांना ण शिकवायला प्रफुल्लाने पाच आठवड्यांचा वर्ग घेतला. वर्गाची नियमावली तिनेच लिहिली. त्यात शेवटचं कलम तिने विशेष अभिमानाने घातलं : 'मराठी भाषकांना या वर्गातून सूट राहील.'

सगळा घोटाळा त्या कलमात होता. आणि त्या घोटाळ्याशी प्रफुल्लाचं लग्न झालेलं होतं.

हिराजी चोगले हा प्रफुल्लाचा नवरा. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला. बंदरात टग चालवायचा. टग म्हणजे अजस्र जहाजांना ढकलत, ओढत धक्क्याला लावणारी बुटकी आणि दांडगी बोट. ज्या जहाजाची लांबी एखाद्या गावाएवढी, त्याला हिराजी हळूच कोपर मारून जागेवर बसवायचा. बंदरात त्याला सगळे कॅप्टन म्हणत. त्याच्या हाताला तोड नव्हती. त्याच्या जिभेला मात्र ण नव्हता. त्याच्या कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचं पानी होतं आणि कोणाचं कोनाचं. प्रफुल्ला एकोणीस वर्षं दुरुस्ती करत होती.

"पानी नाही रे. पाणी."

"पानी पिऊन तहान भागली का नाय? मंग?"

अलिबागच्या मास्तरांची मुलगी मग पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे आदळायची.

न म्हणायला जीभ दातामागे टेकवली की झालं. तिला वळावं लागत नाही, त्यामुळे तिचा आळस उघडा पडत नाही, आणि एकट्या नाकावरून यंत्राला काही ठरवता येत नाही. हिराजी रोज स्वामींपुढे "मना कनकन नाय" म्हणायचा आणि स्वामी रोज हिरवा दिवा लावायचे. मार्चअखेर एकदा तो सकाळी हिरव्या दिव्याने आत गेला आणि दुपारी फणफणून घरी आला. नशिबाने टग त्या दिवशी दुरुस्तीत होती आणि तो एकटाच होता. प्रफुल्लाला त्याच क्षणी सगळं उमगलं. कलमात दुरुस्ती करायला हवी होती. पण दुरुस्तीला कारण द्यावं लागतं, आणि कारण काय लिहायचं? 'माझ्या नवऱ्याला ण येत नाही'? पुढच्या आठवड्यात बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. बंदरातले आठवडे फार लवकर संपतात. सहा महिने गेले.

त्या सहा महिन्यांत बंदरात जहाजी तापाने एकही माणूस दगावला नाही. आसपासच्या बंदरांत साथ होती, नहीममध्ये नव्हती. दूरदूरच्या वर्तमानपत्रांत प्रफुल्लाचा फोटो आला. पण घराघरांतून एक गोष्ट मुकाट्याने घडत होती. लाल दिवा लागला की तीन दिवस विलगीकरण, आणि त्या काळात विमानात बसायला बंदी. त्यामुळे गावी जायची तारीख जवळ आली की त्या माणसाची प्रकृती कमालीची सुधारायची. दिव्यासमोर बोलणं टाळता येत नव्हतं, तेव्हा लोक नाकात वाफ घेऊन, जिभेवर मिरी धरून यायचे. आणि घरात, मित्रांत, जेवताना तो शब्दच कुणी काढेना. न जाणो, कुणी ऐकलं तर.

ऐकणारी म्हणजे अर्थातच प्रफुल्ला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मासळीचं जेवण असायचं. ती दारातून आत आली, की जहाजांचे दोरखंड बांधणाऱ्या टोळीचे मुकादम याकूबचाचा मोठ्याने म्हणायचे, "अरे, प्रफुल्लाबाय आली! बोला, सगळे मजेत ना?" याकूबचाचा आडनावानेही मुकादम आणि कामानेही मुकादम, त्यामुळे त्यांचा आवाज दुप्पट होता. लगेच सगळा हॉल सुरमईचे काटे काढत एकसुरात मजेत असायचा.

"चाचा, तुमचे डोळे लाल दिसतायत," ती म्हणायची.

"कांदा, बाय. कांदा कापला."

"आज तर जेवण केटररने आणलंय."

"त्याने कापला. मी बघत होतो."

सगळे हसायचे. तीही हसायची. घरी जाताना मात्र तिच्या लक्षात यायचं, की चारशे बारा माणसांमध्ये आपण एकटीच अशी आहोत, जिला कुणी बरं नसल्याचं सांगत नाही. नर्सला याहून मोठी शिक्षा नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हिराजीही सांगेनासा झाला. पूर्वी कधी सकाळी चहाचा कप घेऊन तो ओट्याशी यायचा आणि म्हणायचा, "परफू, जरा कनकन वाटते गो." ती कामातला हात पुसून त्याच्या कपाळावर ठेवायची. ताप नसायचाच. दोघांनाही ते माहीत असायचं. तरी हात तिथे जरा वेळ राहायचा. मार्चनंतर हे बंद झालं.

एकदा तिने विचारलं, "बरं नसलं तर सांगत का नाहीस?"

"तुला सांगायचा म्हंजे बंदराला सांगायचा," तो म्हणाला. रागाने नव्हे. भरती किती वाजता आहे हे सांगावं तसं.

ऑक्टोबरात एका जागतिक आरोग्य परिषदेचं पाच जणांचं शिष्टमंडळ आलं. अध्यक्षा केनियाच्या डॉ. अचिएंग, सत्तरीच्या, काठी टेकत चालणाऱ्या. नव्वद बंदरांमध्ये कणकण चाचणी सुरू करायची की नाही ते या पाच जणांनी ठरवायचं होतं. कार्यक्रम असा : सकाळी फाटकावर चाचणीचं प्रात्यक्षिक, मग हिराजीच्या टगमधून बंदराची फेरी, टगच्या तोफांमधून पाण्याचे फवारे, आणि शेवटी प्रफुल्लाचा सत्कार. बंदराच्या इतिहासात टगमध्ये पाहुणे बसवायची ही पहिलीच वेळ होती. टगच्या कॅप्टनचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापायचीही पहिलीच. हिराजीने ती पत्रिका रेवदंड्याला आईला पाठवली. तिने ती वाचून घेतली आणि विचारलं, "फवारा कशाला? गाडी धुवायची हाय काय?"

त्या दिवशी सकाळी प्रफुल्ला स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि थबकली. बाहेर चाळीस डिग्री, हवेत दमट चिकचिक, आणि खोलीतला एसी बंद होता. हिराजी पांढरा कडक गणवेश घालून कॉटवर बसला होता. गणवेशाच्या आत त्याने बनियनवर बनियन चढवलं होतं.

"एसी कुणी बंद केला?"

"आवाज करतो."

"बरं वाटतंय ना?"

"एकदम टकाटक," हिराजी म्हणाला आणि टोपी नीट करायला आरशाकडे वळला. आरशात त्यांची नजरानजर झाली. दोघांनीही ती लगेच काढून घेतली.

आखातात राहणारा माणूस ऑक्टोबरात स्वतःच्या हाताने एसी बंद करतो याचं वैद्यकीय कारण जगात एकच आहे, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? फाटकापर्यंतच्या वाटेवर ती हिशेब मांडत होती. टगची केबिन लहान. आत पाच पाहुणे, त्यांत एक सत्तरीची म्हातारी. वर हिराजीची पाच माणसं. बोलावं तर हिराजीचा दिवस गेला, चाचणीतलं भोक शिष्टमंडळापुढे उघडं पडलं, आणि ते भोक आपल्याला सहा महिने माहीत होतं हेही. कदाचित नव्वद बंदरं गेली. न बोलावं तर हिरवा दिवा लागेल, आणि कुणालाही काही कळणार नाही. निदान उद्यापर्यंत.

फाटकावर गर्दी होती. याकूबचाचांनी अत्तर लावलं होतं. डॉ. हेस्सा पाहुण्यांना म्हणाल्या, "सुरुवात कॅप्टन चोगल्यांपासून करू. ज्या भाषेचा हा शब्द, त्या भाषेचा माणूस. आणि ज्या बाईंचा हा शोध, त्या बाईंचा नवरा."

टाळ्या झाल्या. हिराजी स्वामींपुढे उभा राहिला. स्वामींनी विचारलं, "आज कसं वाटतंय?"

"मना कनकन नाय."

हिरवा दिवा. पुन्हा टाळ्या. प्रफुल्ला एक पाऊल पुढे आली. तिने तोंड उघडलं. पण अकरा हजार माणसांच्या बंदरात, कॅप्टन म्हणून ज्याला सगळे ओळखतात त्याच्या देखत, 'याला ण येत नाही' हे वाक्य एकोणीस वर्षांच्या बायकोच्या तोंडून बाहेर पडेना. शब्द दातांपर्यंत आले आणि तिथेच अडले.

हिराजीने ते पाहिलं. तो फाटकातून आत गेला नाही. जागचा हलला नाही.

"पुढे चला, कॅप्टन," डॉ. हेस्सा म्हणाल्या.

"थांबा. परत इचारू दे त्याला."

स्वामींनी परत विचारलं.

"आता खरा सांगतो," हिराजी घसा साफ करून म्हणाला. "मना कनकन हाय. सकालपासून हाय. हाडापर्यंत हाय."

हिरवा दिवा लागला. स्वामी प्रसन्न आवाजात म्हणाले, "आपण निरोगी आहात. कामावर जा. दिवस चांगला जावो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. याकूबचाचांनी तेवढी सुरुवात केली होती, ती अर्ध्यात थांबवली.

मग प्रफुल्ला बोलली. सगळं बोलली. न आणि ण यांतला फरक, सूट देणारं कलम, ते कुणी लिहिलं, मार्चमध्ये काय कळलं आणि सहा महिने का दडवलं. एकही वाक्य तिने गाळलं नाही. बोलून झाल्यावर ती नवऱ्याजवळ गेली आणि सगळ्यांदेखत त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"ताप नाही," ती म्हणाली. "दुपारपर्यंत येईल."

हात जरा वेळ तिथेच राहिला.

डॉ. अचिएंग काठी टेकत पुढे आल्या. तीन पावलांवर प्रफुल्लाने त्यांना अडवलं, तेव्हा तिथूनच त्यांनी हिराजीला विचारलं, "यंत्र तुम्हाला सोडत होतं. तुम्ही का थांबलात?"

"बाय, केबिन एवढीशी," हिराजी हाताने दाखवत म्हणाला. "तुमी पाच जना, माजी पाच मानसा. मी खोकलो का सगली खोकनार. बोटीचा जिम्मा माजा हाय. ह्यो डबा काय माज्यासंगती बोटीवर येनार हाय?"

प्रफुल्लाने इंग्रजीत भाषांतर केलं. इंग्रजीत ण नसल्यामुळे ते बिनचूक झालं.

डॉ. अचिएंगनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग डॉ. हेस्सांकडे वळून म्हणाल्या, "यंत्रं मी पुष्कळ पाहिली. यंत्राने सोडलेला माणूस आपण होऊन परत फिरतो असं बंदर नव्हतं पाहिलं." डॉ. हेस्सांनी चष्मा काढला. या वेळी ऐकण्यासाठी नव्हे, पुसण्यासाठी.

नव्वद बंदरांना चाचणी मिळाली. अट एकच घातली गेली : दिवा हिरवा असला आणि माणूस म्हणाला बरं नाही, तर दिव्याचं ऐकू नये. सूट देणारं कलम रद्द झालं आणि चारशे बारा मराठी माणसांना ण च्या परीक्षेला बसावं लागलं. आपल्याच शब्दाची परीक्षा आपल्याला, म्हणून मंडळाने निषेधाचा ठराव केला. परीक्षेत दोनशे चाळीस जण नापास झाल्यावर ठराव मागे घेण्यात आला. त्यांना शिकवायचं काम वर्गात पहिल्या आलेल्या फिलिपाइन्सच्या मारिव्हिक नावाच्या वीजकामगारणीकडे गेलं. "जीभ वर, चाचा, वर," असं ती याकूबचाचांना सांगायची, आणि याकूबचाचा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकायचे. शुक्रवारच्या जेवणात लोक पुन्हा मोकळेपणी आजारी पडू लागले. प्रफुल्लाला पानावर बसल्या बसल्या निदान सहा जणांच्या तक्रारी ऐकाव्या लागत. तिचं जेवण निवायचं. तिला ते फार आवडायचं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी हिराजी केंद्राचा पायजमा घालून विलगीकरणाच्या खोलीत होता. ताप एकशे एक पॉइंट आठ. खिडकीतून खाडी दिसत होती. टगचा ताबा त्याच्या हाताखालच्या माणसाकडे होता. टग खिडकीसमोर आली, थांबली, तोफांमधून पाण्याच्या दोन कमानी आभाळात गेल्या आणि भोंगा तीनदा वाजला. असा तीनदा भोंगा फक्त निवृत्त होणाऱ्या बंदरप्रमुखासाठी वाजवतात. धक्क्यावरच्या क्रेनचालकांनी हात उंचावले. आपापल्या उच्चारात, लांबून, बावीस भाषांच्या माणसांचा एकच आवाज आला : "मला कणकण नाही!"

प्रफुल्ला काचेपलीकडे आली. हातात शाल होती, तिच्यावर सन्मानचिन्ह.

"सगळे उठून उभे राहिले," काचेतल्या फोनवर ती म्हणाली. "तुझं नाव घेतलं तेव्हा."

"माजा कशाला? शोध तुजा."

"शब्द आता जगाच्या वैद्यकीय यादीत जाणार. अचिएंगबाईंनी विचारलं, कसा लिहायचा. मी सांगितलं, दोन प्रकारे लिहा. कणकण आणि कनकन. दोन्ही बरोबर."

हिराजीने फोन कानाशी घट्ट धरला. एकोणीस वर्षांत तिने त्याचा न पहिल्यांदाच जसाच्या तसा उच्चारला होता. तापाने की कशाने, त्याचे डोळे चमकत होते. तो उठून काचेपाशी आला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि फोनमध्ये आवाज खाली आणून म्हणाला, "परफू, एक काम कर गो."

"बोल."

"कोना बाप्याला कात्री घेऊन आत धाड. ह्या पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसलीय."